आधी वजनाचा बाण

नागपूरच्या मे महिन्यात गळ्यात लोकरीचा मफलर टाकून सायकल चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आम्हाला फिजिक्स शिकवायचा.

डोक्याला पांढरा दुपट्टा तर उन्हाळ्यात सगळं नागपूरच बांधतं, सरही बांधायचे. पण त्या दुपट्ट्याखाली, कॉलरवरून सैल सोडलेला मरून रंगाचा मफलर असायचा आणि त्याची दोन्ही टोकं गरम वाऱ्यात फडफडत असायची. इतवारीतले दुकानदार भरदुपारी अर्धी फळी ओढून आत पंख्याखाली लवंडलेले असत. त्यातलाच एखादा कूस बदलता बदलता ओरडायचा, "काय सर, थंडी वाजून राहिली काय?" सर पायडल न थांबवता उत्तर द्यायचे, "मले नाही गा, लोकर वाळवून राहिलो!" दुकानदाराला यातून काय कळायचं ते तोच जाणे.

आम्हाला कळायचं. प्लास्टिकचा पाइप लोकरीनं घासला की त्याच्यावर विद्युतभार येतो, आणि लोकर जितकी कोरडी तितका तो चांगला येतो. घरून कॉलेजात येईपर्यंत लूच्या गरम वाऱ्यानं मफलर कसा पापडासारखा वाळून जायचा. सरांच्या दृष्टीनं नागपूरचा उन्हाळा देवानं खास स्थिर विद्युत शिकवण्यासाठी केला होता. लोक उगाच त्याला नावं ठेवत होते.

अडचण इतकीच होती की अभ्यासक्रमात हा भाग नेमका जुलै-ऑगस्टात यायचा. पावसाळी हवेत भार टिकत नाही, बघता बघता झिरपून जातो. बाकीचे प्राध्यापक फळ्यावर आकृत्या काढून मोकळे व्हायचे. सर म्हणायचे, "पावसाळ्यात स्थिर विद्युत शिकवायची म्हणजे संक्रांतीला आमरस मागायचा." म्हणून पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना ते सुट्टीत कॉलेजात बोलवायचे, तेही दुपारी बाराला. सक्ती नव्हती. त्यामुळे यायचे थोडेच, आणि येणाऱ्यांच्या घरचे त्यांना वेड्यात काढायचे. मी त्या थोड्यांपैकी एक होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या विणकर कोष्ट्यांच्या मोहल्ल्यातून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे मला कुठलं कॉलेज नेहमीचं आणि कुठलं वेड्याचं हे ठाऊकच नव्हतं. बोलवलं म्हणून मी गेले.

आमच्या वर्षी प्रिन्सिपलसाहेबांनी सुट्टीत प्रयोगशाळा उघडायला नकार दिला. शिपायाला सुट्टी द्यावी लागते, पोरांना ऊन लागलं तर जबाबदारी कोणाची, वगैरे. ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. सरांनी वाद घातला नाही. आवारात सावरीचं एक जुनं झाड होतं. उन्हाळ्यात त्याची बोंडं फुटून कापूस उडत असायचा. सरांनी त्यातला एक चिमूटभर पुंजका उचलला, झाडाखाली उभं राहून हातभर लांबीचा पाइप मफलरनं खसाखसा घासला आणि पुंजका त्याच्यावर सोडला. पुंजका आधी पाइपला चिकटला, मग चटका बसल्यासारखा उडाला आणि पाइपच्या वर हातभर उंचीवर हवेत थांबला. वरही जाईना, खालीही येईना.

"चला," सर म्हणाले.

पुढे सर, हातात पाइप, पाइपच्या वर अधांतरी कापूस आणि मागे आम्ही, अशी वरात निघाली. वाऱ्याची झुळूक आली की सर पाठ फिरवून आडोसा करायचे. पुंजका डावीकडे गेला की पाइप डावीकडे. व्हरांड्यात शिपाई दार उघडायला धावला तर सर दबक्या आवाजात ओरडले, "हळू गा! वारा नको करू!" त्यानं ते दार असं उघडलं, जसं आत कोणी तान्हं निजलं असावं.

प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत कूलर धडधडत होता. उंबऱ्याशी सर थांबले.

"साहेब, कूलर बंद करा."

"काहून?" साहेब एरवी शुद्ध बोलत, पण त्या क्षणी तेही नागपूरचेच झाले.

"नाहीतर हा पडेल."

साहेबांनी त्या पुंजक्याकडे पाहिलं. मग स्वतः उठले आणि कूलरचं बटण बंद केलं. सर आत आले, टेबलाला एक फेरी घातली आणि साहेबांच्या नाकासमोर पाइप धरून उभे राहिले. "याचं वजन याले खाली ओढून राहिलं. पाइपवरचा भार याले वर ढकलून राहिला. दोघांचं जमलं म्हणून हा इथं आहे. हे मी पोरांना ऑगस्टात दाखवू शकत नाही."

घामाचा एक थेंब साहेबांच्या कपाळावरून चष्म्यावर आला, तरी त्यांनी तो पुसला नाही. शेवटी हळूच म्हणाले, "मी धरून पाहू का?" प्रयोगशाळेची किल्ली आम्हाला मिळाली ती अशी.

सरांच्या घरी कूलर नव्हता हे वेगळं सांगायला नको. वाळ्याच्या ताट्याही नव्हत्या. काकू म्हणायच्या, "माहेरी गेले की कूलरपुढून उठत नाही मी. इथं ओलसर थंडावा आला की यांचे गोळे रुसतात." गोळे म्हणजे भेंडाचे, मटाराएवढे, त्यांच्या कपाटात रेशमाच्या धाग्यांना टांगलेले. भेंड म्हणजे पाणथळीतल्या एका झुडपाचा पांढरा गाभा, अगदी हलका, या कामाला फार चांगला. पण ते मिळवायचं कुठून? सरांचा एक जुना विद्यार्थी लग्नात बोहल्यावर उभा होता. सर अक्षता टाकायला गेले आणि नवरदेवाच्या बाशिंगाकडे टक लावून पाहत राहिले. लोकांना वाटलं, गुरूचं मन भरून आलं. अक्षता झाल्यावर सर पुढे झाले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "काम झालं की हे फेकू नको गा. अस्सल भेंड आहे." पोरानं दुसऱ्याच दिवशी बाशिंग आणून दिलं. त्याच्या लग्नाचं भेंड पुढे कित्येक वर्षं आमच्या प्रयोगशाळेत एकमेकांना ढकलत राहिलं. त्यावरून त्याला मित्रांनी काय काय ऐकवलं असेल ते सोडा.

सरांचा एक नियम होता. गणित कसलंही असो, आकृतीत पहिला बाण वजनाचा काढायचा, सरळ खाली. मग बाकीचं. माझ्या मैत्रिणीनं एकदा अवघड गणित अचूक सोडवलं आणि सरांनी तिला शून्य दिलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, उत्तर तर बरोबर आहे."

"उत्तर बरोबर आहे वं. पण पृथ्वी कुठे आहे? ती सुट्टीवर जात नसते. आधी तिचं लिहायचं."

आणि दुसरं त्यांचं एक वाक्य होतं. एखादी वस्तू लोंबकळते आहे, तरंगते आहे, टेकली आहे, असं गणितात आलं की पाइप आमच्याकडे रोखून विचारायचे, "पडून नाही राहिली ना? मग कोणीतरी धरून राहिलं असन. कोण, ते शोध." शिकवताना ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण ‘पडत नाही, म्हणजे कोणीतरी धरलंय’ हे मात्र कायम वऱ्हाडीत यायचं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. कॅन्टीनमध्ये कपबशी टेबलाच्या काठावर आली की कोणीतरी ओरडायचंच, "कोण धरून राहिलं?"

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही पोटभर हसलो. त्याच वर्षी दिवाळी झाली आणि माझी माय गेली. कावीळ झाली होती. हां हां म्हणता गेली.

आमच्या घरी एक माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. उभ्या ताण्यातून आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायचं काम मायचं. सकाळी चूल पेटायच्या आधीपासून तिचा चरखा सुरू व्हायचा, सूत कांड्यांवर चढत जायचं आणि बाबांचा माग त्या कांड्यांवर दिवसभर चालायचा. माय गेल्यावर चरखा माझ्याकडे आला. चूलही आली. दोन धाकटे भाऊ होते, त्यांची शाळा आली. कॉलेज सोड असं मला कोणी म्हटलं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग जाण्याचा विषयच घरात निघेना.

एका सकाळी दाराशी सायकलची घंटी वाजली. सर होते. त्यांना बघायला अर्धा मोहल्ला मागोमाग आला होता. "बसायला आलो," ते म्हणाले. कोणी गेलं की असंच म्हणतात, पण पुढे काय बोलायचं ते सरांना बहुतेक ठाऊक नव्हतं. सतरंजीवर बसले. मान खाली घालून जमिनीकडे पाहत राहिले. बाबा हातातला धोटा फिरवत बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. खूप वेळानं सरांनी जमिनीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "इथं फार ओल आहे."

"ओल पायजेच ना सर," बाबा म्हणाले. "मी मुद्दाम पाणी शिंपडतो. कोरड्यात धागा तुटते."

"आमचं उलटं आहे भाऊ. आमचं सगळं ओलीत तुटते."

बाबांनी मान हलवली. माझ्या मायच्या जाण्याबद्दल त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं. मला आजही वाटतं की ते पुरेसं होतं.

मग सरांनी विचारलं, "पोरगी कॉलेजात काहून येऊन नाही राहिली?"

बाबांनी हातातला धोटा खाली ठेवला. "सर, पोरगी हुशार हाय, मले मालूम हाय. तिच्या मायचीच हौस होती शिकवायची. पण आता घर कोण पाहीन? सकाळचा सारा वेळ कांड्यांत जाते, मंग सैपाक, मंग तिचं कालेज निंगून जाते. कांड्या कोण भरीन? मी मागावर बसू का चरख्यावर?"

सरांनी हे असं ऐकलं, जसं एखादं गणित ऐकावं. डोळे मिटून, भुवया वर करून. मग म्हणाले, "कॉलेज अकराला. म्हणजे फक्त सकाळचा सवाल आहे."

"हो."

"मग सकाळी मी येतो."

"येऊन काय करसान?"

"कांड्या भरतो."

माय गेल्यावर बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. त्यांना वाटलं, प्रोफेसर आहे, चांगला माणूस आहे, बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या घंटी वाजली. सरांनी मफलर खुंटीला टांगला, धोतराच्या सवयीनं पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि चरख्यापुढे मांडी ठोकली. "दाखव," मला म्हणाले. मी दाखवलं. त्यांच्या हाती सूत लगेच तुटलं. त्यांनी गाठ मारली. पुन्हा तुटलं. पुन्हा गाठ. खिडकीत पोरं जमली होती, एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. सर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहीनात. पिशवीतून पाटी काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर एक गणित लिहिलेलं होतं. एकाच खिळ्याला रेशमाच्या दोन धाग्यांनी दोन सारखे गोळे टांगले आहेत. दोघांवर सारखाच भार आहे. ते एकमेकांपासून दूर होऊन अमुक एका कोनात थांबले आहेत. भार किती, ते काढा.

सोपं गणित होतं. उन्हाळ्यात आम्ही ते प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. पण मी पाटीकडे नुसती पाहत बसले. डोळ्यांपुढे अक्षरं होती, त्यांचा अर्थ लागत नव्हता. सकाळ सरत आली.

"वजन दाखव," सर चरखा न थांबवता म्हणाले.

मी एका गोळ्याखाली बाण काढला. सरळ खाली.

"बस. आज इतकंच." आणि पाटी तशीच ठेवून ते कॉलेजला गेले.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पाटीवर तो एकच बाण होता. सर चरख्यावर बसले. सुताशी त्यांची झटापट सुरू झाली. थोड्या वेळानं म्हणाले, "गोळा पडून नाही राहिला ना? मग कोणीतरी धरून राहिलं असन."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं, त्याची नक्कल केली होती. त्या सकाळी ते ऐकलं आणि मला रडू फुटलं. माय गेल्यापासून मी रडलेच नव्हते. भाऊ बघतील म्हणून, बाबा बघतील म्हणून. आता थांबेना. पाटीवरचा बाण पुसला गेला. सर घाबरले. चरखा सोडून अर्धवट उठले, पुन्हा बसले, बाबांकडे वळून विचारलं, "हिले काही झालं काय? मी काही चुकीचं बोललो?"

मागाचा खटका थांबला नाही. बाबा म्हणाले, "काई नाही सर. होऊ द्या."

सरांनी पुन्हा चरखा फिरवायला घेतला. एकीकडे माग, एकीकडे चरखा, आणि मध्ये मी. रडून झाल्यावर मी पदरानं पाटी कोरडी केली, वजनाचा बाण पुन्हा काढला आणि धाग्याच्या ताणाचा बाण काढला, तिरका, वर जाणारा. तिसऱ्या दिवशी एका गोळ्यानं दुसऱ्याला ढकलणारा आडवा बाण आला. ताणाचे दोन भाग केले. एक भाग वजनाला तोलून धरतो, दुसरा त्या ढकलण्याला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सरांनी पाटी घेतली, डोळ्यांजवळ नेली, म्हणाले, "बरोबर आहे," आणि पुसून दुसरं गणित लिहिलं. त्या आठवड्याच्या शेवटी मी कॉलेजला गेले.

सर मात्र येत राहिले. पूर्ण हिवाळा, परीक्षेपर्यंत. मी चुलीपाशी पोळ्या लाटता लाटता गणितं सोडवायची, सर चरख्यावरून विचारायचे, "झालं का?" बाबांशी त्यांची ओल आणि कोरड यावर रोज जुंपायची. सर म्हणायचे, "भाऊ, एक दिवस पाणी नका शिंपडू, तुम्हाला गंमत दाखवतो." बाबा म्हणायचे, "तुमची गंमत होईन, माहा ताणा जाईन." शेवटी सर भेंडाचे गोळे घेऊन आमच्या गच्चीवर चढले आणि उन्हात बाबांना, माझ्या भावांना आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या रिकाम्या माणसांना तो प्रयोग दाखवला. गोळे एकमेकांपासून दूर सरकले तसे बाबा म्हणाले, "अरे बाप्पा! सख्ख्या भावासारखेच करून राहिले." सर इतके खूश झाले की पुढे वर्गात त्यांनी हे वाक्य वापरलं, आणि ते कोणाचं आहे तेही सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. पण मनात कुठेतरी बाबा फळ्याजवळ उभे आहेत असं वाटत होतं.

आता कांड्यांचं सांगते. सरांनी भरलेली एकही कांडी मागावर चालायची नाही. सूत सैल, मध्येच फुगलेलं, आणि दर हातभरावर गाठ. धोटा अडकायचा. बाबा संध्याकाळी, सर गेल्यावर, भाऊ खेळायला गेले की त्या सगळ्या कांड्या उलगडायचे आणि स्वतः नव्यानं भरायचे. मी एकदा पाहिलं. म्हटलं, "बाबा, द्या इकडं, मी भरते."

"तू अभ्यास कर," ते म्हणाले. "आन् सरले काई सांगू नको. थो माणूस रोज येते. त्याले वाईट वाटीन."

म्हणजे दिवसभर मागावर बसलेला माणूस संध्याकाळी चरख्यावर बसत होता. मायचं काम, जे माझ्याकडे आलं होतं, ते सर घेतो म्हणाले आणि शेवटी ते बाबाच करत होते. आणि हे मी सरांना सांगायचं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

बी.एस्सी. झाले. फार मोठं यश नव्हतं, पण चांगले गुण होते, पुढे एम.एस्सी.ला प्रवेश मिळण्याइतके. पेढे घेऊन सरांकडे गेले. काकूंनी पाणी दिलं. सर पेढा हातात धरून माझ्या गुणपत्रिकेतले फिजिक्सचे आकडे पाहत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, एक सांगू? बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. तुमच्या कांड्या..."

"उलगडायचे ना?" सर म्हणाले.

मी पाहतच राहिले.

"पहिल्याच आठवड्यात कळलं मला. मी मारलेल्या गाठी मी ओळखणार नाही? दुसऱ्या दिवशी मागाजवळच्या कांड्यांवर एकही गाठ दिसायची नाही. तुझे बाबा सज्जन माणूस. मीही काही बोललो नाही."

"मग येत का राहिलात, सर?"

सरांनी पेढा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग म्हणाले, "चरखा रिकामा राहिला असता तर तू त्याच्यावर बसली असतीस. म्हणून मी बसलो. सूत भरलं काय, नाही भरलं काय."

काकू आतून म्हणाल्या, "घरी कधी एक सुई ओवली नाही." सर म्हणाले, "घरी कोणी म्हटलंच नाही." आणि विषय संपला. मी पाया पडले तेव्हा ते नेहमीसारखे अवघडून मागे सरकले. आभार मानून घेणं त्यांना जमायचं नाही. समोरच्याची पंचाईत व्हायची.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. आमच्या मोहल्ल्यातले माग एकेक करून थांबले; माझे दोघे भाऊ दुसऱ्याच कामात गेले आणि चांगले स्थिरावले. सरांबद्दल कोणी विचारलं की मी हे सगळं सांगते, आणि लोक मफलरवर आणि बाशिंगावर हसतात. मीही हसते. पण मला स्वतःला सर आठवतात ते एका वेगळ्याच दिवसाचे.

उमरेडच्या एका कॉलेजात मला नोकरी लागली होती. पहिलं वर्ष. सर तोवर निवृत्त झाले होते. हिवाळ्याच्या एका सकाळी मी वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर, दोन पोरांच्या मध्ये, सर बसलेले. एस.टी.नं आले होते. ना पत्र, ना निरोप. पोरांना वाटलं, कोणीतरी तपासणीला आलंय, म्हणून वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. माझे हात खडूला चिकटल्यासारखे झाले. काच रेशमावर घासली की काचेवर धन भार येतो, पाइप लोकरीवर घासला की पाइपवर ऋण येतो, हे मी शिकवत होते; हा भाग मी मुद्दाम कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवला होता. कुठल्या वस्तूवर कुठला भार येतो याची पुस्तकात असते ती ओळ मी फळ्यावर लिहिली. सर ती उतरवून घेत होते. खरोखर, वही काढून.

तास संपत आला तसा त्यांनी हात वर केला. एखाद्या विद्यार्थ्यासारखा, कोपर बाकावर टेकवून. मी म्हटलं, "बोला, सर."

सर उभे राहिले. वर्गानं माना वळवल्या.

"मॅडम," ते म्हणाले, "एक शंका आहे."

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. पोरी, वं, ए, इतकंच. आता म्हणाले, मॅडम.

"ही ओळ तुम्ही लिहिली, ती पाठ करायला ठीक आहे. पण दोन वस्तू एकमेकींवर घासल्या, तर कोणी द्यायचं आणि कोणी घ्यायचं, हे ठरतं कशावरून? कोण ठरवतं?"

मी फळ्याकडे पाहिलं. माझ्याच हस्ताक्षरातली ती ओळ. पुस्तकात होती म्हणून मी लिहिली होती. मी एम.एस्सी. झाले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती; शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर सर उभे होते.

"मला माहीत नाही, सर," मी म्हटलं.

सरांचा चेहरा असा उजळला की मागच्या बाकावरची पोरंही हसायला लागली. "मलेही नाही माहीत वं," ते म्हणाले. "सारी उमर झाली, कोणी सांगितलंच नाही. म्हणून तर इतक्या दूर विचारायला आलो."

आणि ते खाली बसले, वही उघडून, मी पुढे काय लिहिते याची वाट पाहत.